पाहुण्यांची किल्ली

नवीन इंजिनाला पहिले काही दिवस सांभाळून घ्यावं लागतं, हे हल्ली कुणाला सांगायची सोय राहिलेली नाही. लोक म्हणतात, काका, तो जमाना गेला. अहो, जमाना गेला म्हणून लोखंड बदललं का? नवी चप्पल घालून पहिल्याच दिवशी कुणी डोंगर चढायला जातं का? आधी घरातल्या घरात, मग कोपऱ्यापर्यंत, मग बाजारापर्यंत. इंजिनाचंही तसंच. आतल्या कड्या आणि आतली भिंत यांना एकमेकींची सवय व्हावी लागते. तो वेळ दिला नाही, तर गाडी पुढे जन्मभर तेल पीत बसते.

बस डेपोत मी अख्खी नोकरी याच कामात काढली. इंजिन खोलून, दुरुस्त करून परत चढवलं की ती बस पहिले काही दिवस माझ्या ताब्यात यायची. बाकीचे ड्रायव्हर एकेक महाभाग. सीटवर बसले की पाय असा ठोकायचे, जसं काही खाली विंचू आहे. मी मात्र गोंजारत न्यायचो. म्हणून डेपोत माझं नाव पडलं गोगलगाय. आणि माझा स्वभाव तापट, त्यामुळे वर हेही म्हणायचे, की हा इंजिन थंड ठेवतो आणि डोकं गरम. म्हणू देत. माझ्या हातून गेलेलं एक इंजिन धूर काढत परत आलं नाही.

हे सगळं आधी सांगतोय, कारण माझी घमेंड किती होती ते कळायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

ही गेल्यापासून मी लेकीकडे राहतो. लेक बँकेत, जावई भुलीचे डॉक्टर, आणि नऊ वर्षांची नात. नातीला मी भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. तिला शाळेत सोडणं आणि आणणं हे माझं काम होतं. माझी जुनी छोटी गाडी होती, तिच्यातून. सकाळी जाताना ती मला पाढे विचारायची आणि मी मुद्दाम चुकायचो. दुपारी येताना शाळेतली सगळी भांडणं, नावानिशी. दिवसभरात तेवढाच वेळ कुणीतरी माझ्याशी बोलायचं. बाकी घरात सगळे चांगले आहेत हो, पण सगळे घाईत.

मग एक दिवस तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावताना मी खांबाला धडकलो. भिंगरी मागे बसली होती, पट्टा नुकताच सोडलेला. पुढच्या सीटवर आपटून तिचा ओठ फुटला. रक्त फार नव्हतं, पण युनिफॉर्मवर पडलं, आणि लेकीने ते पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि मिटलं असतं. ती म्हणाली, "बाबा, आता पुरे." माझी गाडी विकली गेली आणि भिंगरीला शाळेची व्हॅन लावली. त्या व्हॅनमध्ये तिला मळमळतं. रोज घरी येते ती पिवळी पडून.

तर अशा दिवसांत जावयांनी, जुनी गाडी असतानाच, ती दुसरी गाडी घेतली.

गाडी म्हणजे काय सांगू! लाल, बुटकी, रुंद. उभी असली तरी पळतेय असं वाटावं. पुढे दोघांना ऐसपैस जागा, मागे दोन सीटं नावाला, भिंगरीएवढं माणूसच मावेल. लहानपणापासून जावयांना ही गाडी हवी होती म्हणे, भिंतीवर चित्र लावलेलं असायचं. मी म्हटलं, जावईबापू, तुम्ही लोकांना झोपवता दिवसभर आणि स्वतः स्वप्नं बघता. ते हसले. मग म्हणाले, "बाबा, एक काम कराल? कंपनी म्हणते पहिले पंधराशे किलोमीटर सांभाळून चालवा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या वर नेऊ नका. मला वेळ कुठे आहे? आणि मी बसलो तर माझा पाय राहायचा नाही. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?"

मी लेकीकडे पाहिलं, तर ती डबे भरत होती, पाठमोरी. मी हळूच विचारलं, "आणि नीट झालं सगळं, तर भिंगरीला...?" ती न वळता म्हणाली, "आधी पंधराशे होऊ दे बाबा. मग बघू." माझ्यासाठी ते 'मग बघू' म्हणजे होकारच होता. ओरखडा न पाडता पंधराशे करायचे, आणि भिंगरी परत माझ्या मागच्या सीटवर. मला दुसरं काहीही नको होतं.

दुसऱ्या दिवशी जावयांनी मला किल्ली दिली. किल्लीला निळी पट्टी. त्यांच्या स्वतःच्या किल्लीला लाल पट्टी होती. मी म्हटलं, वा, मला वेगळी किल्ली, मान आहे. तेव्हाही ते हसले, पण खाली बघून.

काय सुखाचे दिवस होते ते! सकाळी गर्दी ओसरली की मी निघायचो. उगाच उभ्या जागी इंजिन तापवत बसायचं नाही, सुरू केलं की हळूहळू निघायचं. एकाच वेगाने फार वेळ जायचं नाही, कधी कमी कधी जास्त, म्हणजे इंजिनाला सगळ्या चालींची ओळख होते. मग तलावाकडचा चढ, बेताने. उतरताना पाय सोडायचा आणि गाडीला स्वतःच सावरू द्यायचं. मी एकटाच तिच्याशी बोलायचो. "हां, अशी. घाई नको बाई. कोण मागे लागलंय?" 

मागे लागायचेच लोक. एवढी झणझणीत गाडी आणि चालते कशी, तर लग्नाच्या वरातीसारखी. हॉर्न काय, शिव्या काय. म्हणून मी जुन्या पद्धतीप्रमाणे पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'इंजिन नवीन आहे. पुढे जा.' आणि मागच्या काचेला चिकटवलं. आमच्या डेपोत प्रत्येक बसला लावायचो. पण इथे पोरं मोटारसायकली शेजारी आणून फोटो काढायला लागली. एकाने विचारलं, "काका, म्हशीचं इंजिन बसवलंय का?" लेक म्हणाली, "बाबा, काढा ना ते. माझ्या ऑफिसातल्या बाईने पाहिलं." मी म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील. जावई मात्र म्हणाले, "राहू दे, छान आहे." तेव्हा मला वाटलं, हा माणूस आपल्याला ओळखतो.

एकदा मात्र मोह झाला. एका लॉरीवाल्याने मला पार कडेला दाबलं, वर हात दाखवून गेला. माझं डोकं तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, थांब बेट्या, आणि पाय दाबला, चांगला अर्ध्याच्या पुढे. गाडी जरा पुढे सरकली आणि तशीच राहिली, जसं काही तिला ऐकूच आलं नाही. मला उलट अभिमान वाटला. संध्याकाळी जेवताना मी सांगितलं, "गाडी अजून लाजते आहे. कड्या नीट बसायच्यात. मोकळी व्हायला वेळ लागेल." भिंगरी पाणी पिता पिता ठसकली, तिच्या आईने तिच्या पाठीवर जरा जोरातच थोपटलं.

माझा एक मित्र आहे, डेपोतला कंडक्टर. बस बदलायची, पण आमची जोडी वीस वर्षं तीच होती, आता दोघंही बाकावर बसतो. त्याला मी रोज हिशेब द्यायचो. "काटा चार हजाराला शिवला नाही. पायाला डोळा असावा लागतो, कंडक्टर, डोळा!" तो म्हणायचा, "तुझ्या पायाला डोळा आणि डोळ्याला चष्मा." पण मनातून त्याला कौतुक होतं. म्हणून पंधराशे पूर्ण झाले आणि पहिल्या सर्व्हिसला जायचं ठरलं, तेव्हा मी त्यालाच शेजारी बसवून नेलं. म्हटलं, माझं कौतुक कुणीतरी आपलं माणूस ऐकू दे.

सर्व्हिसची जागा म्हणजे दवाखान्याहून स्वच्छ. जमीन अशी चकचकीत की पाय ठेवायला लाज वाटावी. निळ्या शर्टातला एक माणूस आला, बोलायला गोड. त्यांनी गाडी वर उचलली, जुनं तेल काढलं, मी बोटाला लावून बघितलं. स्वच्छ, कणभर चुरा नाही. मी निळ्या शर्टाला म्हटलं, "बघा. याला म्हणतात चालवणं. एकदाही चार हजाराच्या वर नेली नाही."

"हो ना काका," तो म्हणाला, "नेताच आली नसती."

"म्हणजे?"

"ही पाहुण्यांची किल्ली आहे ना, निळी. ही खिशात असली की गाडी ऐंशीच्या वर जात नाही, काटा चार हजारांपुढे सरकत नाही, आणि ताकदही निम्मीच देते. पार्किंगवाल्यांना वगैरे द्यायला असते. किंवा घरात पोरगं नवीन शिकत असेल तर." त्याने कंडक्टरकडे बघून हसून सांगितलं, "तुम्ही पूर्ण दाबलं असतं ना, तरी काही झालं नसतं. एकदम सेफ. आणि तसंही ही इंजिनं कारखान्यातच फिरवून येतात. काका उगाच टेन्शन घेत होते."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो मला धीर देत होता.

कंडक्टरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मग त्याला राहवेना. खांदे हलायला लागले. "अरे," तो डोळे पुसत म्हणाला, "गोगलगायीलासुद्धा लगाम घातला की रे यांनी!" शेजारी उभे असलेले दोघं-तिघंही हसले. मीही हसलो. काय करणार? माझे कान तापले होते, कानशिलं ठणकत होती आणि तोंडाने मी हसत होतो. पार्किंगवाला, शिकणारं पोरगं आणि मी. आम्हा तिघांची एकच किल्ली.

कंडक्टरला मी घरी सोडलं. उतरताना तो म्हणाला, "राग मानू नकोस. तुझ्या भल्यासाठीच केलं असेल." मला ते हसण्याहून जास्त लागलं. आणि मग परतीच्या रस्त्यावर एकेक गोष्ट आठवत गेली. किल्ली देताना खाली बघून हसणारे जावई. जेवताना ठसकलेली भिंगरी. लॉरीवाला गेला तेव्हा न पळालेली गाडी, आणि ती लाजते आहे म्हणून टेबलावर व्याख्यान देणारा मी. बाजूला गाडी लावून मी निळी पट्टी दाबून बघितली. नुसतं रबर होतं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली, की पुठ्ठ्यावरची ती ठळक अक्षरं मी तिथेच ओरबाडून काढली आणि सीटखाली कोंबली.

शरम वाटली तेव्हाच घरी जाऊन गप्प पडलो असतो, तर बरं झालं असतं. पण माझी शरम फार वेळ शरम राहत नाही, तिचा राग होतो. घरी कुणी नव्हतं. दाराजवळच्या खणात लाल पट्टीची किल्ली होती, जावई त्या दिवशी हॉस्पिटलच्या गाडीने गेले होते. मी निळी टाकली आणि लाल उचलली. म्हटलं, बघतोच. शाळा सुटायची वेळ झालीच होती. पंधराशे झाले आहेत, ओरखडा नाही, मग मी कुणाची परवानगी कशाला मागू? शाळेपर्यंतचा रस्ता गर्दीने तुंबलेला, गाडी रांगतच नेली, पाय दाबायची वेळच आली नाही.

शाळेच्या फाटकावर बाई मला ओळखतात. "बऱ्याच दिवसांनी आजोबा!" त्या म्हणाल्या. व्हॅनवाल्याला मीच सांगितलं, आज ती माझ्याबरोबर. भिंगरी मला बघून अशी धावत आली, की दप्तर एका खांद्यावरून गळून फरफटत होतं. "आई हो म्हणाली? खरंच हो म्हणाली?" मी म्हटलं, "बस आधी." मी खोटं बोललो नाही, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

ती मागे बसली, पट्टा लावला, मी ओढून बघितला. बटण दाबलं. लाल किल्लीवर येतो तो वेगळा आवाज आला, खोल. भिंगरी पुढे वाकली. मधल्या खाचेत मी किल्ली ठेवली होती, तिकडे तिचं लक्ष गेलं.

"आजोबा, ही पप्पांची आहे. तुमची निळी."

मी आरशात बघितलं. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. आवाज लहान झाला. "आई म्हणाली, आजोबांना सांगायचं नाही. त्यांना वाईट वाटेल."

नऊ वर्षांचं पोर. इतके दिवस ते मला सांभाळत होतं. मी जेवताना बढाया मारत होतो आणि ते पाण्याच्या पेल्यात हसू लपवत होतं, मला वाईट वाटू नये म्हणून. मला पुढचं दिसेना झालं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि मी पाय दाबला. रोज जितका दाबायचो तितकाच. खरं सांगतो, तितकाच, तसूभर जास्त नाही. पण इतके दिवस माझा पाय निम्म्या ताकदीच्या गाडीवर घोटला गेला होता. अर्धं दाबावं तेव्हा कुठे ती सरकायची, तेच माझ्या पायात बसलं होतं. इंजिनाला वळण लावतोय म्हणता म्हणता मलाच वळण लागलं होतं, चुकीचं.

गाडीने उडी मारली. त्याला दुसरा शब्द नाही. समोर रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर एक बाई होती, कडेवर मूल. तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं, आवाज आला नाही. मी ब्रेकवर उभाच राहिलो आणि चाक वळवलं. गाडी फुटपाथच्या लोखंडी कठड्यावर जाऊन आदळली आणि बंद पडली. ती बाई जागच्या जागी होती. माझी खिडकी तिच्यापासून हातभर.

मी मागे वळलो. भिंगरी बसल्या जागी होती, दोन्ही हातांनी पट्टा धरून. "लागलं?" ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही, नाही.

मी उतरलो. बाईसमोर मी हात जोडले, तिने मुलाचं डोकं छातीशी धरलं आणि मला काही न बोलता निघून गेली. तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. फाटकावरच्या बाई आल्या, पोरं आली, आयाबाया आल्या. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात कशाला देतात असली गाडी?" हळू म्हणालं, पण मला ऐकू जाईल याची पर्वा न करता. मी त्या आवाजाच्या दिशेनेही बघितलं नाही. पुढचा बंपर एका बाजूने निखळून लोंबत होता. रुमालाने मी तो बांधला, आणि गाडी चालू होतेय म्हटल्यावर घरापर्यंत आणली, चालत्या माणसाच्या वेगाने. सगळा रस्ता भिंगरी गप्प होती. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

जावई आधी आले. खाली गाडी बघूनच वर आले असणार, पण त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. भिंगरीची मान, खांदे, डोळे तपासले, मग माझा हात हातात घेतला आणि नाडी मोजली. "कुणाला लागलं नाही ना? मग झालं," म्हणाले. लहानपणापासून भिंतीवर लावलेली गाडी होती ती. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मग लेक आली. पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "काय झालं?"

मी तोंड उघडणार, इतक्यात भिंगरी म्हणाली, "आई, माझ्यामुळे झालं."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो.

"मधमाशी आली आत. माझ्या केसांत. मी घाबरले आणि मागून आजोबांचा गळा धरला. त्यांना दिसेनाच. तरी त्यांनी लगेच ब्रेक मारला. ती बाई पण म्हणाली, आजोबांमुळे वाचले." एका दमात. कुठेही अडखळली नाही. रस्त्याने ती गप्प का होती, ते मला आता कळलं. ती हे जुळवत बसली होती.

लेक तिच्यावर कडाडली. चालत्या गाडीत गळा धरतात का, किती वेळा सांगितलं, अक्कल कुठे गहाण ठेवलीस, आठवडाभर खेळायला जाणं बंद. भिंगरी मान खाली घालून सगळं ऐकत होती. आणि मी ऐकत होतो. मी तिथेच खुर्चीत बसून, नात माझ्या वाटच्या शिव्या खात असताना, ऐकत होतो. लाज वाटली म्हणाल तर वाटली. पण त्या लाजेच्या आधी काय वाटलं, ते सांगतो. सुटलो, असं वाटलं.

मग लेक माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, तुम्ही लाल किल्ली नेलीत म्हणजे तुम्हाला ते कळलं. मीच सांगितलं होतं ह्यांना, निळीच द्या म्हणून. ते नको म्हणत होते. खांबाला गाडी लागली तेव्हापासून मला भीतीच बसली. मी तुम्हाला लहान मुलासारखं वागवलं. आणि आज एवढ्या ताकदीची गाडी, वर हिने गळा धरलेला, तरी तुम्ही थांबवलीत." तिने नाक पुसलं. "माझं चुकलं. उद्यापासून व्हॅन नको. ह्यांच्या जुन्या गाडीने तुम्हीच सोडा हिला."

मिळालं. जे हवं होतं ते सगळं मिळालं, तेही लेकीने माझ्यासमोर रडून दिलेलं. जावयांनी मान डोलावली. टेबलाखाली भिंगरीचा पाय माझ्या पायावर आला आणि दोनदा दाबला गेला. गप्प बसा.

मी चहाचा कप उचलला आणि एक घोट घेतला. नुसताच कोमट होता. तेवढ्या वेळात मी उद्या सकाळचा रस्तासुद्धा बघून घेतला, पाढे, सिग्नल, शाळेचं फाटक. तिथे पट्ट्यांवरची ती बाई उभी होती.

"मधमाशी नव्हती," मी म्हटलं.

लेकीला कळेना.

"मधमाशी नव्हती. हिने मला हातसुद्धा लावला नाही. रागाच्या भरात किल्ली नेली, हिला तुला न विचारता आणलं, आणि माझा पाय चुकला. कडेवर मूल घेतलेली बाई होती समोर. हातभर अंतर राहिलं. हिने आत्ता माझ्यासाठी बनवून सांगितलं, आणि मी सांगू दिलं."

लेकीचा चेहरा मी पाहिला, ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती, ते हातभर अंतर तिला आता दिसत होतं. तिने उठून टेबलावरची लाल किल्ली घेतली, खणातली निळीही घेतली, आणि दोन्ही पर्समध्ये टाकल्या. जावई गॅलरीत जाऊन उभे राहिले.

भिंगरी उभी राहिली. "आजोबा!" ती ओरडली. "मी सगळं नीट केलं होतं ना!" आणि आत पळाली.

मी थोड्या वेळाने तिच्या खोलीच्या दारात गेलो. ती पलंगावर पालथी पडली होती, बूटसुद्धा काढले नव्हते. मी म्हटलं, "खोटं बोलायचं नसतं बेटा." बोललो आणि जीभ चावली. कोण कुणाला शिकवत होतं?

"तुम्ही पण बोलला," ती उशीत तोंड घालून म्हणाली. "आई हो म्हणाली का विचारलं, तर बस आधी म्हणाला."

"हो. चुकलंच माझं."

"आता परत व्हॅन."

"हो."

"मला मळमळतं तिच्यात. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. ती पुढे काहीतरी बोलेल म्हणून मी उभा राहिलो. ती तोंड भिंतीकडे करून पडून राहिली.

"दार उघडं ठेवू की लावू?" मी विचारलं.

"लावा," ती म्हणाली.

मी लावलं.